पिशवी काढली, आता हंडा कोणी उचलायचा?

बाईची गर्भपिशवी काढली की वस्तीत म्हणतात, "सुटली एकदाची." पाळी थांबते हे खरं. पण काही वर्षांनी काही जणींना खालून काहीतरी उतरल्यासारखं वाटू लागतं. यालाच आपण 'अंग बाहेर येणं' म्हणतो.

पिशवीच नाही, मग बाहेर काय येतं? योनीचा वरचा भाग खाली सरकतो, कधी त्याच्याबरोबर लघवीची पिशवी किंवा गुदाशयही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आणि दोरीसारखे बंध हे अवयव तोलून धरतात. ऑपरेशनमध्ये त्यातले काही बंध कापावे लागतात. वरची जखम लवकर सुकते. आतला आधार भरायला वेळ लागतो.

बीडच्या ऊसतोड बायांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे समितीच्या पाहणीत ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांच्या कामात डोक्यावर उसाची मोळी असते. आपल्या वस्तीत मोळी नाही, पण पाण्याचा हंडा आहे. वीस लिटरचा भरलेला कॅन म्हणजे वीस किलो वजन!

म्हणून हे पाळा :

● ऑपरेशननंतर किमान सहा आठवडे हंडा, सिलिंडर, ओल्या कपड्यांची बादली उचलू नका. पुढेही पाणी छोट्या भांड्यांतून आणा.

● डॉक्टरांनी हो म्हटल्यावर व्यायाम सुरू करा. लघवी आणि वारा रोखताना जे स्नायू आवळतो, तेच आवळून पाच सेकंद धरा, मग सैल सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नका. लघवी करताना हा व्यायाम करू नका.

● संडास लांब, तिथे रांग, म्हणून बाया पाणीच कमी पितात. त्याने शौचाला कडक होते आणि जोर करावा लागतो. पाणी, पालेभाजी, डाळी घ्या.

● जुना खोकला अंगावर काढू नका. प्रत्येक उबळीचा दाब खाली येतो.

जड वाटणं, गाठ हाताला लागणं, लघवी गळणं किंवा अडकणं, असं काही झालं तर लाजू नका. राजावाडी, कूपर अशा पालिका रुग्णालयांच्या स्त्रीरोग विभागात दाखवा. दरवेळी ऑपरेशनच लागतं असं नाही. व्यायामाने किंवा आत बसवायच्या रिंगनेही आराम पडतो. लघवी पूर्ण बंद झाली, रक्त गेलं किंवा तापासह घाण वासाचं पाणी गेलं, तर त्याच दिवशी जा.

पिशवी काढायचा सल्ला मिळाला असेल, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवा. नुसतं अंगावरून पांढरं जातं म्हणून पिशवी काढू नये.

आता घरातल्या पुरुषांशी दोन शब्द. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार बायांना बाळंतपणात पगारी विश्रांती देणाऱ्या विधेयकाची बाजू घेतली. बाईची विश्रांती ही चैन नाही, तो तिचा हक्क आहे. कायदा कारखान्यात लागू होतो. आपल्या घरात तो आपणच लागू करायचा. पहाटे नळाला पाणी आलं की मुलाने आणि नवऱ्याने उठावं. सहा आठवडे तरी हंडा त्यांच्याच खांद्यावर असू द्या.

जय भीम!