बसभाडे परस्पर वळते होईल तेव्हा

पगारदाराच्या घरी महिन्याची पहिली तारीख जितकी आनंदाची, तितकीच वजावटीची असते. विम्याचा हप्ता, घराच्या कर्जाचा हप्ता, विजेचे देयक अशा रकमा हल्ली बँकेतून परस्पर वळत्या होतात. त्या रांगेत आता प्रवासाचे भाडेही येऊन उभे राहिले आहे. मार्च २०१९ मध्ये नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड देशात सुरू झाले. पुढे २२ ऑगस्ट २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने असे ठरविले की, या कार्डातील किंवा फास्टॅगमधील शिल्लक ठरल्या मर्यादेखाली गेली की, खातेदाराच्या पूर्वसंमतीने तिच्यात आपोआप भर घालता येईल. इतर आवर्ती देयकांना चोवीस तास आधी सूचना देण्याची जी अट आहे, ती या भरण्यापुरती काढून टाकण्यात आली.

सोय म्हणून हे स्वागतार्हच आहे. निमाणीच्या किंवा जुन्या सीबीएसच्या थांब्यावर सुट्ट्या पैशांवरून चालणारी हुज्जत ज्याने सकाळी सकाळी ऐकली आहे, त्याला ही सोय समजावून सांगण्याची गरज नाही. प्रश्न आहे तो ही सोय कोणाच्या वाट्याला येणार, हा.

मासिक पास म्हणजे एकरकमी पैसे मोजू शकणाऱ्याला मिळणारी सवलत होय. १९७५ पासून धावणाऱ्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठणारा चाकरमानी पास काढतो, कारण त्याचा पगार ठरल्या दिवशी होतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे राबणारा मजूर मात्र रोजचे तिकीट रोज काढतो आणि महिनाअखेर त्याच अंतरासाठी अधिक पैसे मोजून बसतो. खात्यात शिल्लकच नसेल तर परस्पर वळते काय होणार? उलट, वसुलीचा आदेश परत गेला म्हणून बँकेचा दंड पडायचा तो वेगळाच. लंडनने यावर एक तोड काढली. तेथे २००३ मध्ये ऑयस्टर कार्ड आले आणि २००५ पासून दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा आली. सुटे सुटे प्रवास करीत ती मर्यादा गाठली की पुढील प्रवासाला पैसे पडत नाहीत. थोडक्यात, आगाऊ रक्कम न भरताही पासाचा लाभ मिळतो. यंत्राच्या हुशारीचा याहून चांगला उपयोग सुचणे कठीण.

दुसरी बाजू डोळ्याआड होणाऱ्या खर्चाची. ॲमी फिंकेलस्टाईन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विदुषीने २००९ मध्ये पथकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वसुली स्वयंचलित झाली तेथे कराचे दर, एरवी राहिले असते त्याहून २० ते ४० टक्के वरचढ झाले, असे तीत दिसले. हातातून नोट जात नाही, म्हणून वाढ बोचत नाही. आणि बोचत नाही, म्हणून ती करणाऱ्यालाही संकोच वाटत नाही.

नाशिकपुरता खरा मुद्दा याहून जवळचा आहे. शहराची बससेवा राज्य परिवहन महामंडळाकडून महापालिकेच्या कंपनीकडे आली आणि ८ जुलै २०२१ रोजी सिटीलिंक सुरू झाली. त्यानंतर वाहकांचे वेतन थकल्याने ही सेवा एकाहून अधिक वेळा बंद पडली. वेतनासाठी काम थांबविणाऱ्या वाहकाला दोष देणे सोपे, पण न्याय्य नव्हे. अशा दिवशी रोख तिकीट काढणाऱ्याचे पैसे त्याच्या खिशात राहतात, कार्डातील शिल्लकही जागच्या जागी राहते. बुडतात ते पासधारकाचे दिवस. त्यातून पासाचे नूतनीकरण परस्पर होऊ लागले, तर बंदच्या ऐन मध्यावरसुद्धा विद्यार्थ्याच्या पालकांच्या खात्यातून पुढच्या महिन्याची रक्कम निमूटपणे वळती होईल, आणि मुलगा गंगापूर रोडच्या महाविद्यालयात रिक्षाने, नाहीतर पायी जात असेल.

म्हणून नाशिकमध्ये ही पद्धत जेव्हा येईल तेव्हा तिच्या नियमांत एक कलम आधीच हवे: बस जितके दिवस धावली नाही, तितक्या दिवसांनी पासाची मुदत अर्ज न करता, खिडकीपुढे उभे न राहता, आपोआप वाढावी. हे अवघड मुळीच नाही. सिटीलिंकच्या ठेकेदारांना मोबदला किलोमीटरच्या हिशेबाने दिला जातो. कोणती गाडी किती धावली याची नोंद त्याकरिता रोजच्या रोज होतच असते. तीच नोंद पासधारकाच्या खात्याला जोडली की झाले.