पाच बाय पाचचं गणित

सातपुड्याच्या पायथ्याच्या यावल तालुक्यात एकाच वर्गात तीन-चार घरबोल्या भेटू शकतात. कुणाच्या घरी लेवा गणबोली, कुणाच्या घरी अहिराणी, पाड्यावरच्या मुलाची पावरी, तडवी भिलांची आणखी वेगळी. फळ्यावर मात्र प्रमाण मराठी. माणूस कसा शिकतो, हा शैक्षणिक मानसशास्त्राचा प्रश्न इथे रोज सकाळी शाळेच्या दारात उभा असतो.

या शास्त्राचं सार डेव्हिड ऑसुबेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडलं: शिकणाऱ्याला आधीपासून काय येतं, यावर सगळं अवलंबून असतं, ते शोधा आणि तिथून शिकवा. यावलच्या मुलाला काय येतं? केळी पाच बाय पाच फुटांवर लावतात, हे त्याने बागेत पाहिलेलं असतं. एका झाडाला पंचवीस चौरस फूट जागा. एकरात ४३,५६० चौरस फूट. म्हणजे सुमारे १,७४० झाडं. क्षेत्रफळ आणि भागाकार दोन्ही इथे आहेत, आणि उत्तर बरोबर की चूक हे बांधावर उभं राहून पडताळता येतं.

स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांनी दाखवलं, की मूल वस्तू हाताळत स्वतःच समज रचत जातं. रशियाच्या लेव व्हिगॉट्स्की यांनी त्यात माणसांची भर घातली. मुलाला एकट्याने जमत नाही, पण जाणत्याच्या मदतीने जमतं, असा एक टापू असतो; खरं शिकणं तिथेच घडतं. बागेत बाप मुलाला आधी नुसतं पाहू देतो, मग शेजारी उभा राहून हात लावू देतो, शेवटी बाजूला होतो. शाळेनेही मदत अशीच हळूहळू काढून घ्यायची असते.

भाषेचा मुद्दा याहून तातडीचा आहे. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सांगितलं, की माणूस एका वेळी सातेक गोष्टीच ध्यानात धरू शकतो. पुढच्या संशोधनाने हा आकडा चारच्या आसपास आणला. पावरी बोलणाऱ्या मुलाची ध्यानातली ही जागा अनोळखी शब्द उलगडण्यातच संपली, तर गणितासाठी उरतं काय? त्याला आपण मठ्ठ म्हणतो, तो अन्याय आहे. पहिली दोन-तीन वर्षं घरबोलीचा आधार देणं म्हणजे लाड नव्हे. ती शिकण्याची अट आहे.

लक्षात राहण्याचंही शास्त्र आहे. हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं, की विसरणं सुरुवातीलाच सर्वांत वेगाने होतं. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा वाचून मग आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवलं. म्हणून वही मिटून आठवायला लावणं, आणि तेही काही दिवसांच्या अंतराने, ही सर्वांत स्वस्त आणि खात्रीची युक्ती आहे. नुसती आठवण किती धरून ठेवू शकते, याचं उदाहरण इथलंच आहे. याच जळगाव जिल्ह्यातल्या असोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. कामाच्या ओघात रचलेली त्यांची गाणी मुखोद्गत होती. १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. अक्षर न शिकलेला माणूस अशिक्षित असतो, हा समज त्यांनी कायमचा मोडला.

मुलापासून सुरुवात करण्याची ही दृष्टी खानदेशाला, महाराष्ट्राला परकी नाही. साने गुरुजींनी अमळनेरच्या शाळेत आणि वसतिगृहात मुलांशी जिव्हाळ्याचं नातं जोडत शिकवलं.  ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींची नई तालीम मांडली गेली: सात वर्षांचं शिक्षण, मातृभाषेतून, हस्तोद्योगाभोवती. पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी, गुरं चारणाऱ्यांसाठीसुद्धा, कुरणातच शाळा भरवली.

तेव्हा शिक्षकाकडे मागणं मोठं नाही. धडा सुरू करण्याआधी मुलाला त्यातलं काय माहीत आहे हे विचारा. उत्तर त्याच्या बोलीत आलं तरी ऐका. नवी गोष्ट त्याला जोडा. चार दिवसांनी पुन्हा आठवायला सांगा. यासाठी वेगळा निधी लागत नाही. लागतो तो एक विश्वास: पाड्यावरून चालत आलेलं मूल रिकामं आलेलं नाही.