पिशवीवर काय छापावे?

रमजानचा दुसरा जुमा आला की मशिदीच्या दरवाजावर कागदांची दाटी होते. कुणी पत्रक हातात ठेवतो, कुणी रसीदबुक पुढे करतो. लांबून आलेले मदरशांचे सफीर तस्दीकनाम्याची घडी उलगडून दाखवतात. गरिबांसाठी काम करणाऱ्या अनेक संस्थांची वर्षाची बेगमी याच महिन्यात होते, तेव्हा पत्रक हवेच. पण ते बहुधा एकाच साच्यातले असते. राशनची पिशवी, ती घेणारी मान खाली घातलेली बाई, कॅमेऱ्याकडे पाहणारे चार दाते आणि तळाशी ‘जकात, फित्रा, सदका, इमदाद स्वीकारली जाईल’.

ही शेवटची ओळच घ्या. सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. त्यांत फकीर, मिस्कीन, कर्जात बुडालेले, अडकलेला मुसाफिर आहेत, तसेच जकात गोळा करणारे कर्मचारीही आहेत. हनफी मसलकानुसार ही रक्कम हकदाराच्या मालकीची व्हावी लागते. तिच्यातून इमारत उभारता येत नाही, मशीददेखील नाही. लाखामागे अडीच हजार मोजून काढणाऱ्या दुकानदाराला हे पक्के ठाऊक असते. जकातीचे खाते वेगळे आहे का, गेल्या वर्षी किती जमले, किती घरांत गेले, हे त्याला वाचायचे असते. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक, ८०जी असल्यास दोन हजारांपुढच्या रोख देणगीला सवलत नाही ही सूचना, फित्रा ईदच्या नमाजाआधी पोचावा म्हणून तो स्वीकारण्याची शेवटची तारीख, एवढे तरी छापावे. फोटोच्या जागेत हे सगळे मावते.

फोटोबद्दल संस्थाचालक सांगतात की दात्यांना पुरावा लागतो. त्यात तथ्य आहे; फसवणूक होतेच. पण किराणा दुकानदाराचे बिल हाही पुरावा आहे, आणि तो चेहऱ्यापेक्षा पक्का आहे. पिठासाठी रांगेत उभ्या असलेल्या बाईला ‘फोटो काढू का’ विचारले तर ती नाही कशी म्हणेल? तिची लेक दुसऱ्या दिवशी शाळेत जाते, आणि तो फोटो तोवर मोहल्ल्यातल्या प्रत्येक मोबाइलच्या स्टेटसवर पोचलेला असतो. सूरह बकरहमध्ये उपकार बोलून दाखवून व दुखवून सदका वाया घालवू नका अशी ताकीद आहे (२६४), आणि गरिबाला गुपचूप देणे अधिक चांगले म्हटले आहे (२७१). पुढे २७३व्या आयतीत हात न पसरणाऱ्या अशा गरजूंचा उल्लेख आहे, ज्यांना अनोळखी माणूस खाऊनपिऊन सुखी समजतो. फोटोच्या भीतीने रांगेत येत नाहीत ते नेमके हेच लोक.

पिशवीवर ठळक अक्षरांत ‘जकात’ छापण्याचीही गरज नाही. देणाऱ्याची नियत पुरते. घेणाऱ्याला हदिया म्हणून दिले तरी जकात अदा होते, असे हनफी उलेमा सांगतात. शब्द खातेवहीत स्पष्ट असावा, पिशवी कोरी असली तरी चालते.

दुसरे पत्रक मात्र कुणी छापतच नाही, ते म्हणजे घेणाऱ्यासाठीचे. अर्ज कुठे करायचा, कागद कोणते, बाईशी बोलायला बाई आहे का, कानात सोन्याच्या बाळ्या असल्या तर मदत नाकारतात का, असे तिचे प्रश्न असतात. ‘मुस्तहिक अफराद रुजू करें’ या ओळीने त्यांतल्या एकाचेही उत्तर मिळत नाही. कोकण-मराठवाड्यात मराठी शाळेत शिकलेल्या अनेक मुस्लिम घरांत नस्तालिक वाचता येत नाही, तिथे तर ती नक्षीच ठरते. उर्दूच्या पाठीमागे सोप्या मराठीत दहा ओळी छापायला फारसा खर्च येत नाही. मजकूर छापण्याआधी मदत घेणाऱ्या दोघीतिघींना वाचून दाखवला, तर कुठला शब्द अडतो आणि कुठला बोचतो, दोन्ही कळते.

काही ठिकाणी आता पिशवीऐवजी कुपन देतात. बाई आपल्या नेहमीच्या दुकानात जाते, आपल्या घरी चालणारी डाळ निवडते आणि बाकीच्या गिऱ्हाइकांसारखी सामान घेऊन इफ्तारच्या आत घरी येते.