रक्तातील आपले आणि परके

रुग्णास रक्त देण्यापूर्वी, मग ते रायपूर येथील पंडरीच्या जिल्हा रुग्णालयात असो की मुंबईच्या एखाद्या मोठ्या इस्पितळात, दात्याच्या तांबड्या पेशी रुग्णाच्या रक्तद्रवात मिसळून पाहाव्या लागतात. पेशी सुट्या राहिल्या तर रक्त जुळले. त्यांच्या गुठळ्या झाल्या तर तेच रक्त रुग्णाच्या प्राणावर बेतू शकते. वस्तुतः दात्याच्या रक्तात ना विष असते, ना रोगजंतू. मग शरीर त्यास शत्रू का मानते?

तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या आखूड साखळ्या असतात. त्यांतील मूळ साखळीस ‘एच’ म्हणतात. तिला एक विशिष्ट साखर जोडली गेली की ‘ए’ गट होतो, दुसरी जोडली गेली की ‘बी’. काहीच न जोडल्यास ‘ओ’. फरक केवळ एका साखरेचा!

हा फरक ओळखण्याचे काम काही पांढऱ्या पेशी करतात. अशा प्रत्येक पेशीवर एका विशिष्ट आकाराचे ग्राहक रेणू असतात आणि हे आकार बव्हंशी यदृच्छेने घडतात. पेशी वाढीस लागत असताना ज्यांचे ग्राहक स्वतःच्याच शरीरातील द्रव्यांना घट्ट चिकटतात, त्यांपैकी बहुतेक नष्ट वा निष्क्रिय होतात. शरीराजवळ शत्रूंची यादी अशी नसतेच. स्वकीयांवर उठणारे सैनिक वगळून उरलेल्या सैन्यावर त्याची भिस्त असते. आतड्यांतील जंतूंवरही ‘ए’, ‘बी’सारख्या साखरा असल्यामुळे, परक्या रक्ताचा थेंबही न घेतलेल्या बालकाच्या रक्तद्रवात पहिल्या वर्षातच त्यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ लागतात.

‘ओ’ गटाच्या पेशींवर ‘ए’ नाही आणि ‘बी’ही नाही, म्हणून त्या कोणासही चालतील, असा समज होता. १९५२ साली वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया व त्यांचे लंडनमधील सहकारी यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मुंबईतील काही व्यक्तींचा जो वृत्तांत दिला, त्याने या समजास तडा गेला. या व्यक्तींच्या पेशी वरकरणी ‘ओ’ गटाच्या भासत. परंतु त्यांचा रक्तद्रव ‘ओ’ पेशींच्याही गुठळ्या करी. कारण त्यांच्या पेशींवर मूळची ‘एच’ साखळीच नव्हती. जे अवघ्या जगास स्वकीय, ते त्यांच्या शरीराने कधी पाहिलेच नव्हते. म्हणून ते परके ठरले.

हाच ‘बॉम्बे रक्तगट’. आई व वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आल्यासच तो संभवतो. भारतात त्याचे प्रमाण सुमारे दहा हजारांत एक मानले जाते. युरोपात तो याहून कितीतरी दुर्मिळ आहे. इतर घटक जुळल्यास या लोकांच्या तांबड्या पेशी कोणत्याही गटाच्या रुग्णास देता येतात, पण त्यांना स्वतःला मात्र आपल्याच गटाचा दाता शोधावा लागतो. चुकून ‘ओ’ रक्त दिले गेल्यास आलेल्या पेशी वेगाने फुटतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात व मृत्यूही ओढवतो. केवळ पेशी तपासून ही चूक ध्यानात येत नाही; रक्तद्रवाची ‘ओ’ पेशींशी गाठ घालावी लागते.

तांबड्या पेशींवर याखेरीज आऱ्हेच, केल इत्यादी अनेक खुणा असतात. छत्तीसगड व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत आणि त्यांतील कित्येकांना वारंवार रक्त घ्यावे लागते. प्रत्येक नव्या पिशवीबरोबर एखादी अनोळखी खूण शरीरात येऊ शकते व तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होऊ शकतात. म्हणूनच मागील खेपेस जुळलेल्या दात्याचे रक्तही पुढील खेपेस पुन्हा तपासूनच द्यावे लागते.