बोट कुठली, हे आधी ठरवा!

गैबी चौकात चहा पिता पिता प्लॅन ठरतो. चौघं, दोन गाड्या, तीन दिवस, कोकण. मग कुणीतरी रील दाखवतो: बोटीवर उभी बाइक, मागं खाडी. ‘भावा, हे करायचंच!’ इथपर्यंत तुमचं-आमचं सेम. पण बोट कुठली, हे कुणी विचारतच नाही.

किनाऱ्यानं वर जाताना गाड्या नेणाऱ्या चार प्रसिद्ध फेऱ्या आहेत. जयगड-तवसाळ, दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, दिघी-आगरदांडा. तिकडं या बोटीला ‘जंगलजेट्टी’ही म्हणतात. शेवटच्या दोन मुंबई-पुणेकरांच्या सोयीच्या. कागलहून तीन दिवसांत तिथवर जाऊन यायचं म्हणजे नुसतं हँडल धरून बसणं. दाभोळची फेरी 2003 पासून चालू आहे, दापोली करायची असेल तर तीच. पण एक दिवस वाढवा. आपल्यासाठी खरी बोट जयगडची.

आता आमची चूक ऐका. आम्ही उलटे गेलो. चिपळूणमार्गे आधी गुहागर, आणि परतताना तवसाळहून जयगड. रविवारी वेळणेश्वरच्या समुद्रात ‘अजून दहा मिनिटं’ करत राहिलो. तवसाळच्या धक्क्यावर पोचलो, तर शेवटची बोट गेलेली. समोर जयगडचे दिवे दिसतायत, आणि मधे शास्त्री नदीची खाडी! मग काय, अंधारात आबलोली, भातगावचा पूल, जाकादेवी असा वळसा. एका गाडीचा हेडलाइट मंद, दोघांच्या मोबाइलला रेंज नाही. घरून फोन लागला तेव्हा पप्पांचं एकच वाक्य, ‘रात्री आंबा घाट चढायचा नाही.’ पालीत मुक्काम केला. सोमवारची इंटर्नल बुडाली ती बुडालीच.

म्हणून सांगतो, बोट जाताना घ्या, येताना नको. पहिल्या दिवशी कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट करून गणपतीपुळ्याला मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी मालगुंडवरून जयगड, बोटीनं तवसाळ, मग हेदवी, वेळणेश्वर, रात्री गुहागर. तिसऱ्या दिवशी चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, कराड आणि हायवेनं थेट कागल. परतीच्या वाटेत एकही खाडी नाही. उशीर झाला तर झाला, रस्ता कुठं जात नाही.

बाहेरदेशी रोड ट्रिपला जाणाऱ्यांचंही गणित हेच असतं. इंग्लंडहून गाडी घेऊन डोव्हर-कॅले केलं तर साधारण दीड तासात फ्रान्स, पण स्पेनपर्यंतचं ड्रायव्हिंग आपल्या अंगावर. पोर्ट्समथहून थेट सांतांदेरची बोट घेतली तर एक दिवसाहून जास्त पाण्यावर, पण ते ड्रायव्हिंग वाचतं. आपल्या बोटीला पंधरा मिनिटंसुद्धा पुरतात, एवढाच फरक.

निघायच्या आदल्या दिवशी फोन करून बोटीच्या वेळा विचारा, पावसाळ्यात तर नक्कीच. बोटीत गाडी गिअरमध्ये ठेवा, स्टँड नीट लावा आणि रील काढायच्या नादात गाडी सोडून कडेला पळू नका.

आणि जायचं तर लवकर जा. रेवस-रेडी सागरी महामार्गात या खाड्यांवर पूल होणार आहेत. जयगडला पूल झाला की शेवटच्या बोटीची भानगडच संपली. आमच्या इंटर्नलला मात्र तो उशिराच पोचला.