नोंदवहीतील नाव आणि प्रथिनाचे काम

शाळेच्या प्रवेश-नोंदवहीत एखाद्या मुलाची जन्मतारीख चुकीची पडली म्हणजे पुढे काय होते, हे कारकुनी केलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. तीच तारीख दाखल्यावर उतरते, दाखल्यावरून शालान्त प्रमाणपत्रावर आणि तेथून सेवापुस्तकात जाते. निवृत्तीच्या सुमारास कोणी हरकत घेतलीच, तर सगळे कागद एकमुखाने साक्ष देतात. वास्तविक ते निरनिराळे साक्षीदार नसून एकाच चुकीच्या नकला असतात. जीवशास्त्राच्या दप्तरातही असेच घडत आले आहे, आणि त्या दप्तरात आपल्या बुलढाणा जिल्ह्याचीही नोंद आहे.

लोणार सरोवराच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यातून मिळालेल्या ‘इंडिबॅक्टर अल्कलिफिलस’ या जिवाणूचे वर्णन २०१० साली प्रसिद्ध झाले. २०१३ साली त्याच्या जनुकसंचाचा मसुदा जाहीर झाला. त्या निवेदनाच्या शीर्षकातच आपल्या जिल्ह्याचे नाव आहे. जनुकसंच म्हणजे जिवाच्या आनुवंशिक आज्ञांचा संपूर्ण संग्रह. जिवाणूत अशी जनुके बहुधा काही हजार असतात, बहुतेकांपासून एकेक प्रथिन तयार होते आणि पेशीतील बहुतेक कामे ही प्रथिनेच करतात. तेव्हा जनुकसंच वाचला एवढ्याने भागत नाही. प्रत्येक प्रथिनाचे काम ओळखून त्यास योग्य वर्गात बसवावे लागते. हजारो प्रथिनांवर एकेक प्रयोग करणे कोणत्याही प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून संगणक नव्या प्रथिनाचा क्रम पूर्वी नोंदलेल्या प्रथिनांशी ताडून पाहतो आणि ज्याच्याशी साम्य अधिक, त्याचे नाव त्यास देऊन मोकळा होतो.

ही पद्धत टाकाऊ आहे असे आमचे म्हणणे नाही. तिच्यावाचून हे शास्त्र एक पाऊलही पुढे जाते ना. परंतु साम्य म्हणजे कामाचे ऐक्य नव्हे. बदकाच्या डोळ्यातील भिंगाचे एक प्रथिन आणि लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे विकर ही एकच वस्तू असल्याचे १९८७ साली दिसून आले. अन्यत्र रासायनिक क्रिया घडविणारे प्रथिन येथे भिंग पारदर्शक ठेवण्याच्या कामी लागलेले! तंतोतंत साम्य असताना ही स्थिती, तर दूरच्या नातलगांविषयी काय बोलावे?

चुका किती, हे मोजण्याचे प्रयत्न झाले आहेत. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या चिमुकल्या जिवाणूच्या ४६८ जनुकांची नावनिशी तीन गटांनी वेगवेगळी केली होती. १९९९ साली स्टीव्हन ब्रेनर यांनी ती शेजारी शेजारी मांडली. एकाहून अधिक गटांनी नावे दिलेल्या ३४० जनुकांत चुकीचे प्रमाण किमान ८ टक्के निघाले. यातील ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन नावे परस्परविरुद्ध असतील तर एक तरी खोटे, एवढेच अशा तुलनेतून कळते. सर्वांनी मिळून केलेली चूक तिला दिसत नाही. २००९ साली ३७ विकर-कुलांची छाननी झाली, तिचे निष्कर्ष अधिक अस्वस्थ करणारे आहेत. जाणकारांनी हाताने तपासलेल्या ‘स्विस-प्रॉट’ या संग्रहात चुका जवळजवळ नव्हत्या. इतर तीन मोठ्या संग्रहांत मात्र त्यांचे सरासरी प्रमाण, विकरांच्या महाकुलागणिक, ५ पासून ६३ टक्क्यांपर्यंत गेले. त्यातही बहुतेक चुका अज्ञानाच्या नव्हत्या, फाजील निश्चितपणाच्या होत्या. ‘अमुक कुलातील प्रथिन’ एवढे म्हणून थांबायचे, तेथे नेमके कामही सांगून टाकलेले.

यावरचा एक उपाय शिक्षकांस आवडेल असा आहे. ‘काफा’ या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कसोटीत उत्तरपत्रिका आधी गोळा होतात आणि उत्तरे नंतर तयार होतात. ज्यांचे काम अद्याप सिद्ध झालेले नाही अशा प्रथिनांविषयी स्पर्धक आपली भाकिते नोंदवितात. पुढील काही महिन्यांत प्रयोगांनी जे सिद्ध होईल त्यावरून गुण दिले जातात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या फेरीत ११ जीवांतील ८६६ प्रथिनांवर ५४ पद्धती तपासल्या गेल्या. सांगितलेल्यापैकी खरे किती, आणि खऱ्यापैकी सांगितले किती, असे दोन्ही अंगांनी मोजमाप होते. केवळ साम्यावर भिस्त ठेवणाऱ्या जुन्या पद्धतीस नव्यांतील अनेकींनी मागे टाकले. परंतु पूर्ण समाधान मानावे असे यश कोणासही मिळाले नाही.

आमची सूचना साधी आहे. आंतरराष्ट्रीय संग्रहांत नावाशेजारी पुराव्याची खूण ठेवण्याची सोय आहेच. प्रयोगाने सिद्ध झालेले नाव कोणते आणि केवळ संगणकाने ठरविलेले कोणते, ते त्यावरून कळते. आपल्याकडील प्रबंधांत मात्र ती खूण गाळून नुसते नाव उतरविले जाते. ते उतरविण्यास विद्यापीठांनी मनाई करावी. त्या नावावर विसंबून एखादी विद्यार्थिनी साबणाच्या भुकटीस उपयोगी पडेल असे विकर शोधू लागते, आणि वर्ष सरल्यावर तिला कळते की ते विकर मुळात ते नव्हेच. ते वर्ष तिला कोण परत देणार?

लोणारच्या जिवाणूंतील नावांचीही अशी कसोटी व्हावयास हवी. अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतच हे सरोवर येते. संशयास्पद नावाचे एकेक जनुक निवडावे, त्याचे प्रथिन प्रयोगशाळेत तयार करावे आणि ते खरोखर काय करते ते पाहावे. नाव चुकीचे ठरले तर ती दुरुस्ती संग्रहाकडे धाडावी, आणि अशा दुरुस्तीस नव्या शोधाइतकेच गुण द्यावेत.