खान्देशचं जिनिंग

इंग्लंडच्या उत्तरेतल्या लँकेशायरमध्ये कापसाचं एक बोंडही पिकत नाही, तरी एकेकाळी निम्म्या जगाला कापड तिथून जाई. लिव्हरपूल बंदरात गाठी उतरत, त्याही बहुतेक अमेरिकेच्या. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, बंदरांची नाकेबंदी झाली आणि लिव्हरपूलच्या दलालांना हिंदुस्थानची काळी माती आठवली. तापीकाठच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. पण खान्देशातला माल मुंबईला नेणारा थळ घाटातला रेल्वेमार्ग खुला झाला 1865 मध्ये, आणि त्याच वर्षी युद्ध संपून भाव कोसळले. भाव गेला, रूळ राहिले. पुढे त्या रुळांच्या कडेनंच जिनिंग-प्रेसिंग उभी राहिली.

जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणं. डबल रोलर जिनमध्ये चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेले दोन रोलर फिरतात. चामडं तंतू पकडून स्थिर सुरीखालून ओढून घेतं. सरकीला त्या फटीतून वाट नसते, ती अडते. तेवढ्यात हलती सुरी तिला ठोसते आणि ती जाळीतून खाली पडते. रोलर गुळगुळीत झाला की पकड सुटते, मग त्यावर पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. क्विंटलभर कापसातून जेमतेम तिसरा हिस्सा रुई निघते. सरकी तेलाला आणि ढेपेला जाते. उडालेली रुई भुवयांवर बसते. नाकाला पदर बांधून ती गोळा करणाऱ्या बायांच्या छातीत किती जाते, हे कुठल्याच वजनकाट्यावर दिसत नाही.

रुई दाबून प्रेसमधून निघालेली गाठ आज 170 किलोची. रुईचा भाव मात्र अजून खंडीवर बोलतात: 784 पौंड, म्हणजे सुमारे 356 किलो. इंग्रज गेला, त्याचं माप बाजारात राहिलं.

सूत आणि कापडही इथंच व्हावं म्हणून गिरण्या आल्या. जळगावला एकोणिसाव्या शतकातच खान्देश मिल निघाली. अमळनेरला 1906 मध्ये मोतीलाल माणकचंद ऊर्फ प्रतापशेठ यांनी प्रताप मिल काढली. याच शेठजींच्या आश्रयानं 1916 मध्ये अमळनेरात तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. भोंग्यावर चालणाऱ्या गावात अद्वैताचा अभ्यास, हे अमळनेरलाच जमावं! धुळ्यातही प्रताप मिलचा भोंगा वाजत असे. पुढे भोंगे थांबले. जळगावात स्टेशनजवळच्या खान्देश मिलच्या जागेवर आज ‘खान्देश सेंट्रल’ हा मॉल आहे.

जिनिंग मात्र टिकलं, कारण कापूस पिकतो तिथंच ते परवडतं. दिवाळीनंतर आजही गाठींचे ट्रक भरतात. फक्त दिशा बदलली, लिव्हरपूलऐवजी दक्षिणेतल्या सूतगिरण्या. कापूस आपला, मेहनत आपली, आणि कमाईचा मोठा वाटा पुढच्याचा. दीडशे वर्षांनंतरही हा व्यवहार बदललेला नाही, आणि दोष एकट्या लँकेशायरला देऊन भागणार नाही.